सुरू आत्याकडं गेलं

खर्डा,
१४ मार्च १९९५

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग बाळगनाऱ्या ननंदबाई, जयमाला,

तुला, पाव्हण्यास्नी, महेंद्राला आन दीपाला जयभीम. पत्र पोचंल तवर तुझा महेंद्र झाड घिऊन नगरला पोचला आसंल. पत्र त्येच्याच खिशात घालनार हुते, पर पोरगं बापावर गेलंय. खिशात काय घातलंय ते धुनं धुताना आठवतंय. म्हनून पोष्टानं धाडते.

हितं टँकर सुरू झालाय. बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी हायत. काल झुंबरबाईनं माझ्या कळशीवर आपली कळशी ठिवली आन वर मलाच म्हनती, "सुमन, तुला काय घाई? एक पोट आन एक परळ." म्या म्हनलं, "पोटाला कळ काढायला सांगता येतं, परळाला न्हाई." खरंच हाय ते. झाडाच्या त्या मातीच्या परळात माती केवढी, ओंजळभर. सकाळी पानी घातलं तर दुपारी भेगा. मी आंघोळ बुडवीन, झाडाचं पानी बुडवता येत न्हाई. म्हनून ह्या उन्हाळ्याला त्येला आत्याकडं धाडलं. लेकरं जात्यात की सुट्टीला. मिरग पडला की परत धाडायचं, लाडावून ठिवायचं न्हाई.

दीपा नवी सून हाय, तिला वाचून दाव म्हंजी तिला कळंल ही कसली पाव्हणी आली ते. दीपा, तुझ्या मामासासऱ्यानं जल्मभर सरकारी रोपवाटिकेत पिशव्या भरल्या. निलगिरी, सुरू, आस्ट्रेलियाची बाभूळ, समदी तिकडची झाडं. साहेब म्हनायचा, बी बोटीतनं आलंय, जपून. लोकाच्या बांधाला आन सरकारच्या माळाला त्येच्या हातची झाडं गेली, आपल्याला लावायला इतभर जिमीन न्हवती. एक सुरू पिशवीतच अडकून बसलं, मुळ्यांनी आपल्याच भवती येटोळं घातलं. साहेब म्हनला, फेकून दे. ह्येनं घरी आनलं आन फुटक्या रांजनाचं बूड व्हतं त्येच्यात लावलं, मागनं कुंभाराकडनं पसरट परळ करून घेतला. पुढं साहेब चहाला आला, झाड बगून वरडला, "रंभाजी, हे तर बोनसाय!" गावानं ऐकलं बोनस. त्या दिवाळीला बाया दारात, "सुमे, रंभाजीला बोनस मिळाला म्हनं?" म्या परळ म्होरं केला, "ह्यो बगा. हिरवा हाय, मोडून घ्या."

तर बोनस आता तुझ्याकडं हाय. शेंडे चिमटीनं खुडायचे, कात्री लावायची न्हाई. तुला खुडायची सवय हायच, ल्हानपनी माझ्या भाकरीचे पापुद्रे खुडून खायचीस.

तुला न्हाऊ-माखू घातलेली तुझी वयनी,
सुमन

*

सावेडी, नगर
२ एप्रिल १९९५

ती. वयनींना जयमालाचा जयभीम.

तुमचं पत्र दीपानं वाचलं, मी वाचलं, ह्यांनी वाचलं. पापुद्र्यांचं वाचून हे दिवसभर मला "खुडे, खुडे" म्हणत होते. तुमी मेलं काय बी लिहिता.

बोनस सुखरूप पोचला. महेंद्र म्हणतो सबंध रस्ता मांडीवर घेऊन बसला होता. जामखेडला एक म्हातारा बसमध्ये चढला आन झाडाच्या बुंध्याला हात लावून पाया पडला, म्हणाला कोन्या देवाचं आहे? महेंद्र म्हणाला माझ्या मामाचं. पुढच्या वरांड्यात ठेवलंय, सकाळचं ऊन येतं. कॉलनीतल्या बाया बघून जातात. शेजारच्या केशरबाई तर तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. एवढं मोठं व्हायचं झाड एवढुसं कसं, आन तरी म्हातारं कसं दिसतंय, असं विचारत होत्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्या भावाच्या हातचं आहे.

आता खरी बातमी. दीपाला दिवस गेलेत. बिचारीला आई न्हाई, तवा पहिलं बाळंतपण आमच्याकडंच. वयनी, तुमी यायचंच. महेंद्रच्या वेळी मला तुमीच उठवलं होतं, तुमच्या हाताला गुण आहे. शेक-शेगडी, बाळाची मालिश, दुसऱ्या कुणाच्या हातात मी पोर देणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवते, मागनं मजुरीचं कारण सांगायचं न्हाई.

तुमची,
जयमाला

*

खर्डा,
२० एप्रिल १९९५

जयमाला, व्हनाऱ्या आजीबाई,

तुझं पत्र घिऊन मी गल्लीभर फिरले. पोष्टमन म्हनला, "सुमनबाई, मनिआर्डर आली काय?" म्हनलं, "त्याच्यापक्षी मोठं आलंय, नातू येतोय." तो म्हनला, "नात आली तर?" म्हनलं, "तर तुला दोनदा पेढा."

मी येनार. पाव्हण्यास्नी सांग, माझ्यासाठी न्हानीघराच्या भाईर एक खाट टाका, माझं घोरनं तुमच्या कॉलनीला सोसायचं न्हाई. दोन गोधड्या शिवायला घेतल्यात, एक बाळाला, एक बाळाच्या बुडाखाली. तुझं जुनं हिरवं लुगडं माझ्याकडं हाय, तेच फाडलंय. रडू नको.

जयंतीला विहारात गेल्ते. पोरांनी भाषनं केली, पर तुझ्या भावासारखं कुनाला जमलं न्हाई. आठवतंय का, त्यो उभा ऱ्हाऊन म्हनायचा, "मांजर आडवं गेलं तर मांजराला पलीकडं काम आसंल. तुमी आपल्या कामाला जावा." समदे हसायचे, आन मी मागनं वरडायचे, "आन बायकू आडवी गेली तर?" त्यो म्हनायचा, "तर घरी जावा, जेवायची येळ झाली."

झाडाच्या निगेचं काय लिवलं न्हाईस. शेंडे खुडतीस न्हवं? दीपाला त्येच्या काड्यांचा खेळ शिकव, बसून बसून कटाळत आसंल. सुरूची काडी सांध्यात मोडायची, परत तशीच बशीवायची, आन समोरच्याला इचारायचं, कुठं मोडलीय वळख. भल्याभल्याला वळकत न्हाई.

तुझी वयनी

*

नगर
१७ मे १९९५

ती. वयनींना जयभीम.

ऊन फार आहे. दीपाची तब्येत बरी. तुमी एवढ्यात यायची दगदग करू नका. बाळंतपणाला एक बाई ठरवली आहे, दवाखान्यात काम करणारी आहे, तवा तुमी काळजी करू नये. झाड खुशाल आहे. पाणी घालते.

जयमाला

*

खर्डा,
१९ जून १९९५

जयमाला,

तुझं कार्ड मिळालं. पोष्टमननं आधी वाचलं, मंग मी. दोघांस्नी बी समजंना ही कोन बाई लिवतीय. तू जल्मल्यापासनं एवढं कमी कवा बोलली न्हाईस.

बाई ठिवलीस, बरं केलंस. दवाखान्यातली म्हंजी माझ्यापक्षी शानी आसंल. माझ्या हाताला गुन हाय आसं कोन म्हनलं हुतं ते आता आठवत न्हाई, म्हातारी झाले मी. गोधड्या तयार हायत, त्या तेवढ्या कुनासंगं धाडीन. गोधडीनं तर काय गर्दी व्हत न्हाई तुमच्या घरात.

पाऊस पडला. किल्ल्याच्या भिताडावर बी गवात आलंय, शेळ्या वर चढून आपल्याकडंच बगत्यात. आता माझं झाड धाड. सुट्टी संपली, शाळा उघडल्या. ह्या दिसांत त्येच्या मुळ्या छाटून नवी माती द्यावी लागती, एक साल सोडून करते मी, औंदा पाळी हाय.

आन एक इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. उन्हाळ्यात त्येची समदी पानं गळत्यात बग, झाड आगदी उघडं पडतं. भ्यायचं न्हाई. मागनं तांबडी-तांबडी पालवी फुटती. फुटली का ती? तुझा भाऊ त्या पालवीपायी येडा व्हायचा.

सुमन

*

नगर
३० जून १९९५

ती. वयनी,

तुमी उगा मनाला लावून घेता. तुमची आठवण रोज निघते. पण उन्हातान्हात तुमाला कशाला त्रास.

झाडाचं तुमी लिहिलं तसंच झालं. पानं सगळी गळाली, मी घाबरलेच होते, पण आता इतकी सुंदर तांबडी पालवी आली आहे की बघत राहावं. केशरबाईपण रोज बघायला येतात. महेंद्रला सुप्याच्या कंपनीत रजा मिळत न्हाई. मिळाली की त्याच्यासंगं पोचवते. तवर आमच्याकडं मजेत आहे.

जयमाला

*

खर्डा,
६ जुलै १९९५

अगं ए भवाने,

सुरूला पानं आसत्यात व्हय?

दाभनासारख्या हिरव्या काड्या हायत त्या. बारा म्हैने हिरव्याच. ऊन आसू दे, थंडी आसू दे, सुरू उघडं पडत न्हाई. तांबडी पालवी पिपळाला फुटती, ल्हान पोराला ठावं हाय. म्या जाळं टाकलं आन तू उडी मारून त्यात बसलीस. आन केशरबाईला बी संगं घिऊन बसलीस!

पयलं मी हसले. एकटीच चुलीम्होरं बसून डोळ्याला पानी येस्तवर हसले, की ही अजून तशीच हाय, ल्हानपनी गूळ खाऊन मुंगळ्यावर घालायची. मंग हसू सरलं. कारन मुंगळा न्हाई हितं, माझं झाड हाय. तू त्येच्याकडं बगितलेलं न्हाईस जयमाला. एकदा जरी बगितलं आसतंस तर पानांचं लिवलं नसतंस.

कुठं हाय ते? परळ पडला का? कुनी न्हेलं का? कुनाला आवडलं म्हनून देऊन टाकलंस का? काय बी आसू दे. मी वरडनार न्हाई, मी तिथं यिऊन तमाशा करनार न्हाई. तेवढं एक सांग. खरं सांग.

सुमन

*

नगर
२२ जुलै १९९५

ती. वयनी,

झाड वाढवलं. मला माफ करा. यापेक्षा जास्त लिहवत न्हाई.

जयमाला

*

खर्डा,
१ ऑगस्ट १९९५

जयमाला, लेकी,

तुझं कार्ड घिऊन उंबऱ्यात बसले. झुंबरबाई इचारती, काय झालं? म्हनलं, काय न्हाई, झाड वाढवलं. तिला बी कळलं. ती शेजारी यिऊन बसली, जाताना माझी कळशी भरून ठिवून गेली. तिला आसं वागलेलं मी पयल्यांदा बगितलं.

तू नीट सांगितलंस. मेलं म्हनली न्हाईस. आपल्यात बांगडी फुटली आसं कोन म्हनतं का? वाढवली म्हनत्यात. दिवा इझवला म्हनत न्हाईत, वाढवला. तुझा भाऊ गेला तवा त्या बायांनी माझ्या बांगड्या वाढवल्या. त्यो आसता तर त्येनं त्यास्नी दारातनं हाकललं आसतं, पर त्योच न्हवता. तवा तू एकटीच माझं मनगाट धरून बसलीस, काच लागू नी म्हनून. ते मी इसरले न्हाई.

आता तांबड्या पालवीचं बी कळलं मला. तुला सांगवत न्हवतं. मी कशी म्हातारी, तुला जाळ्यात धरायला निघाले, आन तू बिचारी माझ्या काळजीपायी खोटं रेटत बसलीस. मी भवाने म्हनले ते परत घेते. ऊन तरी कसलं हुतं औंदाचं. मानसं गेली, तिथं ओंजळभर मातीतलं झाड काय टिकंल. तू पानी घातलं आसशीलच. सुकलं का शेळीनं खाल्लं ते मला सांगू नको, डोळ्याम्होरं येतं.

परळ तेवढा ठिव. महेंद्र कवा आला तर धाड. आन दीपाला जप. तिला म्हनावं, मामी रागावली न्हाई.

तुझी वयनी

*

नगर
२८ ऑगस्ट १९९५

ती. वयनींना जयभीम.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं. तुमी किती मोठ्या मनाच्या. मला वाटलं होतं तुमी कायमच्या तुटाल. आता तो विषय मनातनं काढून टाका. होतं ते होतं. परळ फुटला, न्हाईतर धाडला असता.

दीपाला मुलगी झाली. वजनाला जरा कमी आहे, पण डॉक्टर म्हणतात काळजी नको. निकिता नाव ठेवलं. नामकरण घरच्या घरीच केलं, फार कुणाला बोलावलं न्हाई, घाईत झालं, तुमाला कळवायचं राहून गेलं. थंडी सरली की बाळाला घेऊन आमीच येऊ तुमच्याकडं. तुमी गोधड्या धाडल्यात त्या मिळाल्या. छान आहेत. नीट घडी घालून ठेवल्यात.

तुमची,
जयमाला

*

सावेडी, अहमदनगर
११ सप्टेंबर १९९५

आदरणीय मामींना,
दीपाचा सविनय जयभीम.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. आईंना, म्हणजे सासूबाईंना, माहीत नाही. महेंद्र कंपनीत जाताना सुप्याच्या पेटीत टाकतील.

तुमचं एक ऑगस्टचं पत्र काल गादीखाली सापडलं. वाचल्यावर मला जेवण गेलं नाही. मामी, झाड मेलेलं नाही. जिवंत आहे. आमच्या कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, जमिनीत लावलेलं आहे आणि माझ्या कमरेच्या वर गेलं आहे. आईंनी "वाढवलं" असं लिहिलं ते तसं. मोठं होऊ दिलं, या अर्थानं. तुम्ही दुसरा अर्थ घेतलात, आणि आईंनी तो तसाच राहू दिला. परळही फुटलेला नाही. त्यात कोथिंबीर पेरली आहे.

का लावलं ते सांगते, कारण तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. केशरबाई आधी झाडाचं कौतुक करायच्या. मला दिवस गेलेत हे कळल्यावर म्हणाल्या, खुंटवलेलं झाड घरात असलं की पोटातलं मूल खुंटतं. आई तेव्हा हसल्या. म्हणाल्या, "आमी असलं मानत न्हाई, आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा लावल्यात भिंतीवर." मग केशरबाईंनी विचारलं, "कुणाच्या हातचं आहे हे?" आई म्हणाल्या, "भावाचं, आता वयनी सांभाळते." "तिचा नवरा?" "गेला." तेव्हा केशरबाई म्हणाल्या, "कपाळ मोकळं असलेल्या बाईनं वर्षानुवर्षं कापून कापून बारीक ठेवलेलं झाड, आणि तुम्ही ते गरोदर सुनेच्या डोळ्यांसमोर ठेवता?"

त्यावर आई हसल्या नाहीत. संध्याकाळी बाबांनी बाहेर खड्डा घेतला. मी म्हटलं, मामींना आधी विचारा. आई म्हणाल्या, "तिला नको कळवू, ती निघून येईल." तुम्हाला बाळंतपणाला येऊ नका म्हटलं, नामकरणाला बोलावलं नाही, ते सगळं त्यामुळेच. ठरवलेली बाई वगैरे कोणी नव्हती. आईंनी एकटीनं केलं, त्यांची कंबर धरली आहे. गोधड्या बाळाच्या अंगाला लागू दिलेल्या नाहीत, माळ्यावर आहेत.

झाडाला मी पाणी घालते. ते काड्यांचं मी निकिताला मोठी झाली की शिकवीन.

तुमची,
दीपा

*

खर्डा,
५ ऑक्टोबर १९९५

जयमालाबाईंना,
सुमन रंभाजी हिचा जयभीम.

परवा मी नगरला यिऊन गेले. तुमाला ठावं हाय, तुमी खिडकीत हुता. पडदा हालत हुता आन वारं न्हवतं. म्या हाक मारली न्हाई. तुमी बी भाईर आला न्हाईत. तरी काय झालं ते लिवते, कारन खिडकीतनं समदं ऐकू येत नसंल.

झाड मला पयल्यांदा वळकूच आलं न्हाई. वरचं समदं सरळ, उंडग्यासारखं वाढलेलं. मंग वाकून बुडाशी बगितलं. तिथं तुमच्या भावानं सायकलीची तार गुंडाळून आनलेला वाक जसाच्या तसा हुता. त्येच्यावर हात ठिवला आन मी पिशवीतनं खुरपं काढलं. फावडं शेजारच्या बांधकामावरनं मागून घेतलं, मुकादम चांगला हुता.

मातीत दोन घाव घातले न्हाईत तवर केशरबाई फाटकात. "ओ बाई, काय चाललंय? झाड कुनाचं, खनताय कोन?"

म्हनलं, "माझं पोर हाय. सुट्टी संपली, न्ह्यायला आले."

"तुमी कोन?"

"मीच की ती. कपाळ मोकळं आसलेली. तुमी मला न बगताच वळखता म्हनं, मंग आता समोर उभी हाय तर वळकंना व्हय?"

ती गपकन मागं सरली. मी म्हनलं, "भिऊ नका. वयनं तुमी बी माझ्याच आसपासच्या. कधी न कधी तुमचं बी कपाळ कोन तरी बगनारच." एवढं बोलायला नको हुतं. घरी यिऊन वाईट वाटलं. पर खरं सांगते, तिच्यावर माझा राग न्हाई. ती लोकाची बाई, लोकासारखं बोलली. तिनं माझ्या हातची भाकर खाल्लेली न्हाई.

तुमी खाल्लीय.

पोटातल्या लेकराचं भेव वाटतं, ते मला कळतं. मी काय दगड हाय? "वयनी, जीव घाबरतोय, झाड भुईत लावू का?" एवढं एक कार्ड टाकलं आसतं तर मीच यिऊन खड्डा खनला आसता. म्हनले आसते, जाऊ दे, बोनस गेला तर गेला, नातवंड मोठं. मला चिडवायला जल्मभर एक गोष्ट झाली आसती. पर तुमाला झाडाचं भेव न्हवतंच. तसं आसतं तर मला बोलावून घ्यायला काय हरकत हुती? झाड तर दाराभाईर गेलं हुतं. तुमाला माझ्या हाताचं भेव हुतं. आन ते तुमी मला उन्हाच्या नावाखाली सांगितलं, बाईच्या नावाखाली सांगितलं, पालवीच्या नावाखाली सांगितलं. मी एकेक पत्र घिऊन चुलीम्होरं बसायचे आन त्येच्यात माझ्याबद्दलची माया हुडकायचे. "वाढवलं" वाचून मी तुमचीच समजूत काढत बसले. माझी समजूत काढायला तुमी आला आसता तर एक येळ सोडून दिलं आसतं. तुमी लिवलं, मोठ्या मनाच्या.

मुळ्या लांब गेल्या हुत्या, रस्त्याच्या खडीखाली. त्या तोडाव्या लागल्या. वरनं बी छाटलं, वाकाच्या थोडं वर. ओल्या गोनपाटात बांधलं. यष्टीत कंडक्टर म्हनला, "मावशी, ह्येचं हाफ तिकीट घ्यावं लागंल." म्हनलं, "फुल घे बाबा, औंदा लई मोठं झालंय." समदी बस हसली. मी बी हसले.

परळ तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. कोथिंबीर उपटून न्यायची मला लाज वाटली. हितं एका जुन्या पाटीत लावलंय. काड्या पिवळ्या पडाय लागल्यात. जगंल का न्हाई, सांगता येत न्हाई. ह्या दिसांत एवढं तोडलेलं झाड बहुतेक जगत न्हाई. पर मेलं तरी ह्याच हातात मरंल.

तुमी थंडीत बाळाला घिऊन येनार म्हनून लिवलं हुतं. येऊ नका.

आन एक. मी गोनपाट बांधत हुते तवा दीपा भाईर आली, पोरीला छातीशी धरून. पोरगी बारीक हाय पर डोळं तुमच्या भावाचं हायत, टकामका बगतीय. दीपानं ती माझ्याम्होरं केली. म्हनली, "मामी, घ्या की हिला." पोरगीची मान बी माझ्याकडंच कलंडली. म्या दोनी हात मागं घेतले. म्हनलं, "नको बाई, हाताला चिखल हाय."

दीपा रडाय लागली. चिखल धुवायला नळ समोरच हुता.

सुमन रंभाजी